रकाना सात

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कागदावर वाकणं सोपं असतं म्हणून वाकलो. प्रत्यक्षात माझी कंबर हल्ली प्रत्येक गोष्टीवर हरकत घेते.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखायचा की उजवा, हे आता नक्की आठवत नाही, तेव्हा दोघांचीही चौकशी केली आहे असं समज. मधल्या खोलीची खिडकी अजून खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही का? शिवणाचं मशीन चालवतेस की झाकून ठेवलंस? रेडिओ मात्र पूर्वीसारखाच लावत असशील, म्हणजे शेजारच्यांना स्वतःचा घ्यायची गरज पडणार नाही असा. माझी तब्येत उत्तम आहे. परंतु असे की, वरची एक दाढ गेली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि जिना चढताना मी प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरच्या सूचना वाचतो. लोकांना वाटतं, काय अभ्यासू माणूस आहे! मला फक्त दम लागलेला असतो.

अकरा वर्षांनी एकदम पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. (जायला आपल्या दोघांशिवाय उरलंय कोण, म्हणा.) कारण अगदी किरकोळ आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त होतोय, आणि त्याआधी एक अर्ज भरून द्यायचा आहे. त्यात नऊ रकाने आहेत. आठ मी पाच मिनिटांत भरले, कारण त्यातल्या पाचांत ‘लागू नाही’ एवढंच लिहायचं होतं. अडलंय ते सातव्याशी. रकाना सात : निवृत्तीनंतरचा पत्ता. सरकारी खोली तर सोडायचीच आहे. तशी माझ्या मनात इतकी ठिकाणं आहेत की कुठलं निवडू आणि कुठलं नको असं झालंय (एक तर लिफ्ट असलेलं आहे), म्हणून पहिल्यांदा मी तिथेही ‘लागू नाही’ लिहिलं. आस्थापना शाखेतल्या कारकुनाने अर्ज परत केला. म्हणाला, साहेब, माणूस कुठेतरी राहतोच. मग मी ‘विचाराधीन’ असं लिहिलं. तेव्हा त्याने अर्जाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि कोरा अर्ज हातात दिला. तो कोरा अर्ज आत्ता या पत्राशेजारी पडला आहे. पण ते जाऊ दे, मी तुला गंमत सांगायला बसलोय.

तू नेहमी विचारायचीस, अरे तुमच्या न्याय मंत्रालयात दिवसभर करतात काय? आणि मी ‘ते जरा गुंतागुंतीचं आहे’ म्हणून ताटात मान घालायचो. आज सांगतो. रोज सकाळी आमच्या फाटकाशी दोन-तीन माणसं येतात. हातात पिशवी, पिशवीत कागद. त्यांना न्याय हवा असतो. पाटी वाचून येतात बिचारी, त्यांची काय चूक? आमचा दरवान फार मायेचा माणूस आहे. तो त्यांना सावलीत बसवतो आणि समजावतो की न्याय मिळतो तो चौकापलीकडे, कोर्टात. इथे नुसतं मंत्रालय आहे. आणि ते खरंच आहे गं. निवाडा करायचा न्यायाधीशाने, त्यात आम्ही बोटसुद्धा घालायचं नाही. आमचं काम एवढंच की त्याला बसायला खुर्ची असावी, खुर्चीला खोली असावी, खोलीवर छप्पर असावं, आणि समोर वाचायला कायदा असावा. म्हणून पहिल्या मजल्यावर कोर्टांच्या इमारती आहेत (म्हणजे त्यांच्या फाईली; छप्पर गळतं ते तिकडे, भिजतो आम्ही इकडे). दुसऱ्यावर न्यायाधीशांच्या नेमणुकांची कागदपत्रं. तिसऱ्यावर शिक्षा झालेल्यांचे माफीचे अर्ज. तिथे सगळे हळू आवाजात बोलतात, कारण प्रत्येक फाईलच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उत्तराची वाट बघत बसलेला असतो. मीसुद्धा त्या मजल्यावरची सूचना जरा घाईनेच वाचतो.

आणि चौथ्यावर आम्ही. इतर मंत्रालयांच्या मनात जे येतं ते ती कशाही भाषेत लिहून आमच्याकडे धाडतात, आणि आम्ही त्याचा कायदा करून देतो. (म्हणजे जे एका ओळीत कळत होतं, ते तीन पानांत कळेनासं होतं. थट्टा करतोय. पण फार नाही.) शिवाय सल्ला देतो. सल्ल्याच्या फाईली हजार प्रकारच्या असतात, उत्तर मात्र बहुतेक वेळा एकच असतं : ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा आहे त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्या, एकतर्फी निर्णय टिकणार नाही. हे वाक्य मी एकतीस वर्षं लिहितोय. शेती खात्याला लिहिलं, रेल्वेला लिहिलं, एकदा एका प्राणिसंग्रहालयालाही लिहिलं. आता तर हात आपणहून लिहितो, मला लक्षही द्यावं लागत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत दोन टेबलं आहेत, समोरासमोर. एक मसुद्याचं, ते माझं. दुसरं छाननीचं, ते अण्णांचं. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने त्यातल्या चुका काढायच्या, हा नियम. एकाच माणसाने दोन्ही केलं तर तो स्वतःला पास करणारच ना! अण्णा हिरव्या शाईने लिहायचे, मी निळ्या. एकोणीस वर्षं त्या माणसाने माझ्या एकाही वाक्याला सुखाने जगू दिलं नाही. ‘इत्यादी’ म्हणजे काय, ‘शक्यतो’ म्हणजे कोणाच्या शक्यतेने, ‘योग्य’ म्हणजे कोणाला योग्य. मी चिडायचो, ते खुशीत यायचे, मग आम्ही एकत्र डबा खायचो. सहा वर्षांपूर्वी अण्णा निवृत्त झाले आणि लांब, मुलीकडे राहायला गेले. (त्यांचा रकाना सात भरताना त्यांना तीन सेकंद लागले. मी मोजले.) त्यांची जागा काही भरली गेली नाही. ‘पुढील व्यवस्था होईपर्यंत’ छाननीचं काम माझ्याकडेच आलं. जाताना ते हिरवं पेन टेबलावर ठेवून गेले, विसरले की मुद्दाम ठेवलं, कोण जाणे.

आता गंमत ऐक. नियम असा आहे की मसुद्याकडून छाननीकडे फाईल हाताने द्यायची नाही, ती आवक-जावकमधूनच गेली पाहिजे. म्हणजे माझ्या टेबलावरची फाईल समोरच्या टेबलावर (चार पावलं आहेत, मी मोजली आहेत) जायची तर शिपाई ती उचलणार, चार मजले उतरणार, तळमजल्यावरच्या आवक-जावकच्या बाई तिच्यावर शिक्का मारून वहीत नोंद करणार, आणि दोन दिवसांनी शिपाई ती पुन्हा चार मजले चढवून माझ्याच समोर आणून ठेवणार. आमचा शिपाई पंचावन्नचा आहे. सुरुवातीला तो मला शिव्या घालायचा, नंतर त्याला माझी कीव यायला लागली. शिव्या बऱ्या होत्या.

पहिली काही वर्षं मी गुमान ‘तपासले, हरकत नाही’ असं हिरव्यात लिहून मोकळा व्हायचो. पण एके दुपारी काय झालं, मी छाननीचं काम करायला मुद्दाम अण्णांच्या खुर्चीत जाऊन बसलो. तिथून समोर माझी खुर्ची दिसते. ताई, मी नसताना माझी खुर्ची कशी दिसते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काही विशेष नाही, खुर्चीच ती. पण मी बराच वेळ बघत बसलो, आणि मग काय सुचलं कोण जाणे, माझ्याच मसुद्यावर हिरव्यात लिहिलं : ‘इत्यादी म्हणजे काय?’ दोन दिवसांनी फाईल निळ्या टेबलावर आली. शेरा वाचला आणि शप्पथ सांगतो, माझं डोकंच सटकलं. हा कोण मोठा शहाणा लागून गेला? मी अर्धं पान उत्तर लिहिलं. फाईल खाली गेली, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा मी कशाची तरी वाट बघायला लागलो. जिन्यात शिपायाच्या चपला वाजल्या की मान वर व्हायची. तू म्हणशील, वेडा झालास का बारक्या? तसं नाही गं. तो शेरा मीच लिहिलाय हे मला पक्कं ठाऊक असायचं. पण दिवसभरात दुसरं कोणी मला प्रश्न विचारत नव्हतं.

हे असं सुखात चाललं होतं, आणि दोन महिन्यांपूर्वी सरकारी घरांबद्दलचं एक विधेयक आलं. सरकारी घरात ‘कुटुंबा’सह राहता येईल, तर कुटुंब म्हणजे कोण, याची व्याख्या मी करायची होती. मी लिहिलं : पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, आणि भाऊ किंवा बहीण, मग ती एकत्र राहत असोत वा नसोत. शेवटचा तुकडा कोणी मागितला नव्हता. तो पेनातून आला. हिरव्याने लगेच पकडलं : ‘एकत्र राहत नसतील तर कुटुंब कसे? स्पष्ट करावे.’ निळ्याने ठणकावलं : ‘नाते अंतराने संपत नाही.’ फाईल खाली गेली, वर आली. हिरव्याने लिहिलं : ‘अंतराने संपत नसेल, अबोल्याने संपते. शेवटचा पत्रव्यवहार केव्हाचा?’ हे वाचून निळ्याचा तोल गेला. त्याने लिहिलं : ‘अकरा वर्षांपूर्वीचा. चूक भावाची आहे. प्रत सोबत, पान ३९.’

होय ताई, माझ्या त्याच पत्राची प्रत. भाऊजी गेल्यावर दोन महिन्यांनी तू मला चिठ्ठी लिहिली होतीस. चार ओळींची. घर खायला उठतं, करमत नाही, बारक्या, थोडे दिवस येशील का, मधली खोली रिकामीच आहे. तेव्हा अधिवेशन चालू होतं, अठरा दिवस मी सरकारी पत्रांशिवाय काही लिहिलं नव्हतं, आणि तुझी चिठ्ठी टपालाच्या ढिगात आली, आणि हात चालत राहिला. ‘संदर्भ : आपले पत्र. उपरोक्त विनंती विचाराधीन असून निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. उत्तरात वरील क्रमांकाचा उल्लेख करावा.’ खाली सही, सहीखाली हुद्दा. स्वतःच्या बहिणीला! पाकिटात घालून चिकटवलंसुद्धा, आणि सवयीने कार्यालयीन प्रत ठेवून घेतली. संध्याकाळी खोलीवर पोचून बूट काढताना ते लक्षात आलं. एक बूट हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो. मग उद्या लिहू, नीट लिहू, असं म्हणता म्हणता आठवडा गेला, आणि मग इतक्या उशिरा काय लिहायचं म्हणून वर्ष गेलं. तुझंही पत्र आलं नाही. मी धरून चाललो की तू मला मनातून काढून टाकलंस.

पुढे ऐक. तिसऱ्या फेरीत हिरव्याने पान ३९ वाचून शेरा मारला : ‘प्रत पाहिली. असा भाऊ व्याख्येत बसतो का याची शंका वाटते. वगळावा.’ यावर काय उत्तर द्यायचं ते मी दोन दिवस घोळवत होतो, पण फाईल वर आलीच नाही. आली ती सचिवांची चिठ्ठी. मसुदा आणि छाननी यांच्यात तिसऱ्यांदा मतभेद झाला की फाईल थेट सचिवांकडे जाते, असा नियम आहे. तो मी साफ विसरलो होतो. आवक-जावकच्या बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी एक, दोन, तीन असं मोजलं आणि कर्तव्य केलं. चिठ्ठीत लिहिलं होतं की मसुदा अधिकारी आणि छाननी अधिकारी, दोघांनी समक्ष चर्चेस यावं. शिपायाने दोन प्रती आणल्या होत्या आणि दोन्हींवर माझी सही घेतली, तोंडावरची रेष न हलवता.

सचिव बाई नव्या आहेत, येऊन तीन आठवडे झालेत. चौथ्या मजल्यावरच्या भानगडी त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी गेलो तर टेबलासमोर दोन खुर्च्या मांडलेल्या, दोन कप चहा. मी डावीकडे बसलो. त्यांनी विचारलं, दुसरे साहेब? आणि ताई, एकतीस वर्षं कायद्यात काढलेल्या माणसाने उत्तर दिलं, ‘येतायत.’ मग आम्ही थांबलो. दुसरा चहा निवायला लागला. मी विधेयकाबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो, जिन्याबद्दल बोललो. दहा मिनिटांनी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा मात्र माझा नाइलाज झाला. मी उठलो, उजवीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो, आणि म्हणालो, ‘आलो.’

त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या असत्या तर मीही हसलो असतो आणि सगळं निभावलं असतं. पण त्यांनी फाईल पुढे ओढली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली, निळं आणि हिरवं, सगळं. पान ३९ वर फार वेळ थांबल्या. मग चष्मा काढून विचारलं, ‘ही बहीण आहे कुठे?’ मी म्हणालो, तिच्या घरी. ‘तिला विचारलंत?’ मी म्हणालो, काय विचारायचं? ‘तुम्हाला वगळायचं की नाही, ते,’ त्या म्हणाल्या. ‘अहो, हे तुम्ही दोघं इथे बसून परस्पर ठरवताय होय?’ दोन खुर्च्या असून एकीतही बसवेना. त्यांनी फाईलवर एक ओळ लिहिली आणि माझ्यासमोर सरकवली : ‘बहिणीचे म्हणणे मागवावे. एकतर्फी निर्णय टिकणार नाही.’ माझंच वाक्य! शेतीला, रेल्वेला आणि प्राणिसंग्रहालयाला लिहिलेलं. वर त्या म्हणाल्या, तो दुसरा चहाही तुम्हीच घ्या आता. घेतला. गार झाला होता.

तर अशी ही गंमत. वाचून हस म्हणजे झालं. माझी काळजी करू नकोस, माझी सगळी सोय झालेली आहे. आणि माझ्या पहिल्या नोकरीसाठी तू शिवलेला शर्ट अजून आहे. ‘अजून वाढशील’ म्हणून गळा एक माप मोठा ठेवला होतास, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. तो आता बरोबर बसतो.

तुझा,
बारक्या

ता. क. सोय झालेली आहे असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. लिफ्ट असलेलं ठिकाणही मी रस्त्यावरूनच पाहिलंय, आत गेलो नाही.

ता. क. २. रकाना सातमध्ये मी तुझा पत्ता लिहिला आहे. पेन्सिलीने लिहिलाय, खोडता येईल. मला मधली खोली पुरे आहे, मशीन हलवू नकोस, मी त्याच्या कडेने झोपेन. खिडकीला खांदा मी लावीन.

ता. क. ३. म्हणणं मांडायला तीस दिवस असतात. मुदतीत उत्तर आलं नाही तर ‘हरकत नाही’ असं धरून चालावं, हा नियम मीच नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलेला आहे. म्हणजे कायद्याने बघितलं तर तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ ‘ये’ असा होत होता, आणि मी अकरा वर्षं तो उलटा लावला. पण या वेळी नियमावर सोडू नकोस. एक ओळ लिही. ‘येऊ नकोस’ असं लिहिलंस तरी चालेल, ते तुझ्या हातचं असेल.

ता. क. ४. हे पत्र पाकिटात घालण्याआधी सवयीने समोरच्या खुर्चीत नेऊन तपासलं. हिरव्या शाईतला शेरा खाली आहे, तो तसाच ठेवतोय :

‘मसुदा तपासला. पत्र लांबले आहे. मूळ मुद्दा पहिल्या ओळीत हवा होता. शिवाय संपूर्ण पत्रात “माफ कर” हे शब्द कुठेही आढळले नाहीत.’

हरकत मान्य. माफ कर, ताई.